संत इग्नेशियस आणि चित्ताचे स्थैर्य

मिस्साविधीस देह देवळात असतो आणि मन बाजारात फिरत असते, हा अनुभव आमच्या भवानी पेठेतील भाविकांस नवा नाही. मागांच्या खडखडाटास व वाहनांच्या गलबल्यास दोष देऊन आपण मोकळे होतो. परंतु दोष बाहेरच्या गलबल्याचा थोडाच असतो, हे संत इग्नेशियस लोयोला यांच्या चरित्रावरून दिसते. आपल्या पुणे धर्मप्रांताचे पहिले बिशप बायडरलिंडेन हे याच संताच्या येशूसंघातले.

इग्नेशियस यांचा जन्म 1491 साली स्पेन देशातील बास्क प्रांती एका उमराव घराण्यात झाला. तारुण्य शस्त्रे व मानमरातब यांत गेले. 20 मे 1521 रोजी पांप्लोना येथे तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला. बिछान्यावर पडून त्यांनी शूरांच्या अद्भुत कथा मागितल्या; घरात त्या नव्हत्या, म्हणून ख्रिस्तचरित्र व संतचरित्रे हाती आली. कधी एका थोर कुळातील स्त्रीच्या चिंतनात तीन-चार तास जात, कधी संतांप्रमाणे यरुशलेमेस अनवाणी जाण्याचे मनोराज्य चाले. दोन्ही गोडच, पण पहिले ओसरल्यावर मन कोरडे राही, दुसरे ओसरल्यावरही प्रसन्न राही. विचार जाताना मागे काय ठेवून जातो, हे पाहण्यास ते तेथे शिकले.

खरी कसोटी पुढे लागली. यरुशलेमेची यात्रा करून आल्यावर, आत्म्यांच्या सेवेस विद्या हवी म्हणून, 1524 साली तिशी उलटलेला हा गृहस्थ बार्सिलोना शहरी लॅटिन व्याकरण घोकू लागला. पण पाठ करावयास बसले की परमार्थाचे नवे अर्थ व नवा गोडवा मनात उसळे आणि पाठ राहून जाई. पापी विचार असता तर ओळखणे सोपे. हा तर देवाचे नाव घेऊन आलेला! प्रार्थनेत व मिस्सेतही असे उमाळे येत नाहीत, मग ते व्याकरणाच्याच वेळी का यावेत, असे मनाशी पडताळून त्यांनी ती भूल ओळखली. मग गुरू आर्देव्होल यांना जवळच्या सांता मारिया देल मार या देवळात बोलावून त्यांनी सारे सांगितले, आणि शहरात भाकरी-पाणी मिळेल तोवर दोन वर्षे एकही पाठ न चुकविण्याचे वचन दिले. तो उपद्रव थांबला. पुढे पॅरिस येथे तो पुन्हा उद्भवला, तेव्हाही त्यांनी गुरूंस असेच वचन दिले. मनाशी एकट्याने झुंजत न बसता ते गुरूंकडे गेले, हे आम्हांस विशेष वाटते.

1540 साली पोप तिसरे पॉल यांनी येशूसंघास मान्यता दिली. 31 जुलै 1556 रोजी रोम येथे इग्नेशियस निवर्तले आणि 1622 साली संतपदी आरूढ झाले. त्यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथात एक साधा उपाय आहे. जो दोष सोडावयाचा, तो घडताच हात छातीवर ठेवावा; चारचौघांतही हे कोणास कळत नाही. मग दुपारी व रात्री त्या दिवसाच्या रेषेवर, जितक्या वेळा चुकले तितकी टिंबे द्यावी, आणि आजची टिंबे कालच्यांशी ताडून पाहावी.