दीद्रो चित्रे पाहावयास शिकला

फ्रान्सच्या विश्वकोशाचा संपादक म्हणून दनी दीद्रोचे (१७१३–१७८४) नाव सुशिक्षितांच्या परिचयाचे आहे. परंतु आधुनिक कलासमीक्षेचा पाया घालणाऱ्यांत याच माणसाचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. तेही त्याने चित्रकलेचे कसलेही शिक्षण नसताना आणि पंचेचाळिशी गाठल्यावर केले, ही गोष्ट मात्र क्वचितच ध्यानात घेतली जाते.

लांग्र गावच्या एका चाकूसुऱ्या घडविणाऱ्या कारागिराचा हा मुलगा. १७५९ हे साल त्याला खडतर गेले. मार्चमध्ये विश्वकोशाचा सरकारी परवाना रद्द झाला. जूनमध्ये वडील वारले. त्याच वर्षी त्याचा मित्र ग्रिम याने त्याच्यावर एक नवेच काम सोपविले. पॅरिसच्या लूव्र राजवाड्यात राजाच्या कला अकादमीचे प्रदर्शन दर दोन वर्षांनी भरत असे. त्याचा वृत्तांत ग्रिमच्या बातमीपत्रासाठी लिहावयाचा होता. हे बातमीपत्र छापले जात नसे. हाताने नकला करून ते परदेशांतील पंधराएक वर्गणीदारांकडे धाडले जाई, आणि हे वर्गणीदार म्हणजे राजे, राण्या व जर्मन संस्थानिक. छापखाना टाळण्याचे कारण उघड होते. छापील अक्षरावर सरकारी तपासनिसाची नजर असे, आणि अंधांविषयीच्या एका पुस्तकापायी दीद्रोने १७४९ मध्ये व्हँसेनच्या तुरुंगात तीन महिन्यांहून अधिक काळ काढला होता.

योगायोग असा की, आता त्याचा वाचकही एका अर्थी अंधच होता. स्टॉकहोममध्ये वा पीटर्झबर्गमध्ये बसून लूव्रमधील भिंत दिसणार कशी? उजेड कोणत्या बाजूने येतो, कोण कोठे उभा आहे, कोणाचा हात अवघडलेला दिसतो, हे सारे शब्दांनीच उभे करावे लागे. १७५९ चा पहिला वृत्तांत अवघ्या काही पानांचा आहे. हे आवडले, ते आवडले नाही, यापलीकडे तो फारसा जात नाही. १७६७ चा वृत्तांत मात्र एका जाड ग्रंथाएवढा झाला. त्यात व्हेर्नेची निसर्गचित्रे जणू खरीखुरी स्थळे आहेत अशा थाटात दीद्रो वाचकाला डोंगरदऱ्यांतून फिरवून आणतो आणि ती चित्रे असल्याचे बऱ्याच उशिरा उघड करतो.

मधल्या आठ वर्षांत त्याने काय केले? तो चित्रकारांच्या कार्यशाळांत जाऊन बसू लागला. मूर्तिकार फाल्कोनेशी त्याने वाद घातले, व्यक्तिचित्रकार ला तूरला काम करताना पाहिले, रंग कालविणाऱ्यांची परिभाषा कानांनी उचलली. तरी साहित्यिकाची खोड सहजी जात नाही. चित्रात कथा असावी आणि कथेत नीती असावी, हा त्याचा हट्ट होता. म्हणूनच ग्रझची रडवी कौटुंबिक चित्रे त्याने डोक्यावर घेतली. ती स्तुती आज वाचवत नाही.

त्याला खरा धडा दिला तो शार्दांने. या चित्रकाराच्या फलकावर ना वीर, ना देवता, ना अश्रू. ऑलिव्हची बरणी, काही फळे, एखादा मासा, एवढेच. येथे सांगावयास कथा नव्हती, म्हणून १७६३ मध्ये दीद्रोला नाइलाजाने रंगाकडेच पाहावे लागले. एकावर एक चढविलेले रंगाचे दाट थर त्याने पाहिले. जवळ गेले की सारे विरघळते आणि मागे सरले की वस्तू पुन्हा आकार घेते, हे त्याने टिपले. कलासमीक्षकाचा जन्म झाला तो येथे, असे म्हणावयास हरकत नाही.

प्रदर्शनात चित्रे टांगण्याचे कामही याच शार्दांकडे असे. १७६५ च्या वृत्तांताच्या आरंभीच दीद्रोने त्याची एक विनवणी नोंदविली आहे. जरा सौम्यपणे लिहा, असे शार्दांचे म्हणणे. सातआठ वर्षांचे पोर हाती पेन्सिल धरते, पुढे वर्षानुवर्षे नमुने गिरवते, आणि इतके करून बहुतेकांच्या पदरी निराशाच येते. भिंतीवरील सर्वांत सुमार चित्रामागेही, तेवढेदेखील न साधल्यामुळे कुंचला टाकून दिलेल्यांची मोठी रांग उभी असते. दीद्रोने ही विनवणी मनापासून उतरवून घेतली. मात्र ती पुरती पाळली नाही. बूशेवर तर त्याच वृत्तांतात त्याने घणाघाती प्रहार केले. एवढे परखड लिहिणे त्याला परवडले, कारण ते पॅरिसमध्ये छापले जाणार नव्हते आणि कोणा चित्रकाराच्या पोटावर पाय येणार नव्हता. छापील टीकेला ही सवलत कधीच मिळाली नाही.

१७८१ पर्यंत त्याने असे नऊ वृत्तांत लिहिले. त्यांतील एकही त्याच्या हयातीत छापला गेला नाही. १७६५ चा वृत्तांत, त्यातील शार्दांच्या विनवणीसह, पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला तो राज्यक्रांतीनंतर, १७९५ मध्ये. तेव्हा दीद्रोला जाऊन अकरा वर्षे झाली होती आणि शार्दांला सोळा.