वल्लभभाई पटेल

वल्लभभाई झवेरभाई पटेल (३१ ऑक्टोबर १८७५, नडियाद – १५ डिसेंबर १९५०, मुंबई) हे भारतीय स्वातंत्र्यलढ्यातील अग्रणी नेते आणि स्वतंत्र भारताचे पहिले उपपंतप्रधान व गृहमंत्री होते. १९२८ च्या बारडोली सत्याग्रहापासून ते 'सरदार' या नावाने ओळखले जाऊ लागले. त्यांची प्रचलित जन्मतारीख मॅट्रिकच्या नोंदीवरून घेतलेली असून ती अंदाजाने दिलेली होती.

पूर्वायुष्य

करमसदच्या शेतकरी कुटुंबात वाढलेल्या वल्लभभाईंनी आधी गुजरातेत वकिली केली व पुढे लंडनहून बॅरिस्टर होऊन १९१३ साली ते अहमदाबादेत स्थायिक झाले. १९०९ साली पत्नी झवेरबा यांच्या मुंबईतील निधनाची तार त्यांना न्यायालयात उलटतपासणी चालू असताना मिळाली. ती वाचून खिशात ठेवत त्यांनी हातातील काम पूर्ण केले. १९३२-३३ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींच्या सहवासात त्यांनी उतारवयात संस्कृतचा अभ्यास आरंभिला. १९४२ नंतरचा बंदिवास अहमदनगरच्या किल्ल्यात गेला.

संस्थानांचे विलीनीकरण

सांगली, मिरज, औंध, फलटण आदी दख्खनची संस्थाने मार्च १९४८ मध्ये, तर कोल्हापूर १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. सप्टेंबर १९४८ मधील हैदराबादेतील कारवाईने मराठवाडा मुक्त झाला. याच काळात, मार्च १९४८ मध्ये, वल्लभभाईंना हृदयविकाराचा तीव्र झटका येऊन गेला होता. पुढचे सारे काम त्यांनी त्या दुखण्यासहच केले.

१९४९ ची विमान दुर्घटना

जयपूर, जोधपूर, बिकानेर व जैसलमेर यांना सामावून घेणाऱ्या बृहद् राजस्थानचे उद्घाटन ३० मार्च १९४९ रोजी जयपूरला व्हायचे होते. त्यासाठी २९ मार्चच्या सायंकाळी वल्लभभाई दिल्लीहून हवाई दलाच्या 'डव्ह' या लहान, दोन इंजिनांच्या विमानाने निघाले. सोबत कन्या मणिबेन व पतियाळाचे महाराज यादविंद्रसिंह होते. वाटेत इंजिनात बिघाड झाला आणि रेडिओसंपर्कही तुटला. अंधार पडण्यापूर्वी जमीन गाठणे भाग होते. वैमानिकाने जयपूरच्या उत्तरेस एका नदीच्या कोरड्या पात्रात विमान उतरविले. कोणालाही गंभीर इजा झाली नाही. त्र्याहत्तर वर्षांच्या, हृदयविकाराने ग्रासलेल्या प्रवाशाच्या दृष्टीने हे विशेषच म्हणावे लागेल.

इकडे विमान जयपूरला पोहोचले नाही आणि त्याचा ठावठिकाणाही लागेना. गांधीहत्येला अवघे चौदा महिने झाले होते. त्यामुळे राजधानीत उडालेली घबराट समजण्यासारखी आहे. प्रवाशांनी जवळच्या गावाशी व स्थानिक अधिकाऱ्यांशी संपर्क साधला आणि वल्लभभाई रात्री उशिरा जयपूरला सुखरूप पोहोचले. दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे उद्घाटन झाले. जयपूरचे महाराज सवाई मानसिंह यांनी राजप्रमुखपदाची शपथ घेतली. दिल्लीस परतल्यावर लोकप्रतिनिधींनी सभागृहात उभे राहून दीर्घकाळ टाळ्यांच्या गजरात त्यांचे स्वागत केले, त्यामुळे कामकाज थांबले. पक्षातील मतभेद त्या दिवसापुरते तरी बाजूला पडले होते.

निधन

१९५० च्या डिसेंबरात उपचारांसाठी त्यांना मुंबईस आणण्यात आले. तेथे बिर्ला हाऊसमध्ये १५ डिसेंबर रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. मरीन लाइन्सनजीकच्या सोनापूर स्मशानभूमीत त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. १९९१ साली त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले.