शिपायांच्या आरोग्याची कैवारी : फ्लॉरेन्स नाइटिंगेल

हातांत दिवा घेऊन रात्रीं आजाऱ्यांच्या खाटांमधून फिरणाऱ्या बाईचें चित्र आमच्या पुष्कळ वाचकांनीं मिशनच्या शाळेंत किंवा दवाखान्यांत पाहिलें असेल. तें चित्र खरें आहे. परंतु त्या बाईंचें मोठें काम त्या दिव्यानें झालें नाहीं, असें आम्हांस वाटतें. आमच्या मंडळ्यांत पलटणींत नोकरी केलेलीं घराणीं थोडीं नाहींत. शिपाई मरतो तो शत्रूच्या गोळीनें, अशी सामान्य समजूत असते. ती खोटी आहे हें ज्यांनीं हिशेबाच्या वहीनें दाखवून दिलें, आणि तो हिशेब मांडतांना ज्यांस आपलीच समजूत चुकली होती हें मान्य करावें लागलें, त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंची हकीकत आज देत आहों.

त्यांचा जन्म ता. १२ मे १८२० रोजीं इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं झाला, व त्या शहराचेंच नांव त्यांस मिळालें. आईबाप इंग्रज व फार श्रीमंत. १८३७ सालीं, वयाच्या सतराव्या वर्षीं, देवानें आपणांस त्याच्या सेवेस बोलाविलें आहे अशी त्यांची खातरी झाली. कोणत्या सेवेस, हें मात्र कळेना. पुढें आजाऱ्यांची शुश्रूषा करावी असें त्यांच्या मनानें घेतलें, तेव्हां घरचीं माणसें संतापलीं. त्या काळीं इंग्लंडांत इस्पितळांतील चाकरी करणाऱ्या बायकांचा लौकिक चांगला नव्हता. दारूचें व्यसन त्यांस असतें असें लोक म्हणत. हा झगडा पुष्कळ वर्षें चालला. अखेर १८५१ सालीं जर्मनींतील कैसरस्वर्थ येथें, पाळक फ्लीडनर यांनीं काढलेल्या प्रॉटेस्टंट सेविकांच्या संस्थेंत राहून त्यांनीं शिक्षण घेतलें.

१८५४ सालीं इंग्लंड रशियाविरुद्ध क्रिमियाच्या लढाईंत उतरलें. आजारी व जखमी शिपायांस जहाजांत घालून काळ्या समुद्रापलीकडे, तुर्कस्थानांतील स्कुटारी येथील एका अवाढव्य बराकींत आणीत. तेथील हाल वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झाले, तेव्हां युद्धखात्याचे चिटणीस सिडनी हर्बर्ट यांनीं बाईंस तेथें जाण्याची विनंति केली. ३८ परिचारिका घेऊन त्या ४ नोव्हेंबर रोजीं स्कुटारीस पोहोंचल्या. सदरे, भांडीं, साबण, कांहींच धड नव्हतें. बाईंनीं स्वयंपाकाची व धुण्याची व्यवस्था लाविली, कपडे आणविले, रात्रंदिवस खपल्या. तरीहि माणसें मरतच राहिलीं. १८५५ च्या फेब्रुवारींत मृत्यूंचें प्रमाण शेंकडा ४२ पर्यंत चढलें. मार्चमध्यें सरकारनें स्वच्छतेची तपासणी करणारे अधिकारी पाठविले. त्यांस आढळलें कीं ती बराक तुंबलेल्या गटारांवर उभी असून, पाण्याच्या नळांत मेलेलें घोडें कुजत पडलें आहे. गटारें धुतलीं, भिंतींस चुना दिला, कोंदलेल्या खोल्यांस वारा मिळूं लागला. आणि जूनपर्यंत तें प्रमाण शेंकडा २ च्या आसपास आलें.

अनुवादाच्या २३ व्या अध्यायांत इस्राएलाच्या छावणीबाहेर शौचास जागा नेमून द्यावी व मळ मातीनें झांकावा अशी आज्ञा आहे. आमचे उपदेशक तो अध्याय वाचतांना तीं वचनें लाजेनें वगळतात असें आम्हीं पाहिलें आहे. स्कुटारीस तीं कोणीं पाळलीं असतीं तर हजारों तरुण घरीं परतले असते.

बरे होऊं लागलेले शिपाई रिकामे बसत व पगार दारूंत घालवीत. ते पशूच आहेत, त्यांस सुधारूं पाहणें व्यर्थ, असें अधिकारी म्हणत. बाईंस हें पटलें नाहीं. ज्यांस घरीं पैसे पाठवावयाचे असतील त्यांचे पैसे त्या स्वतः घेऊं लागल्या. पुढें सरकारनें मनिऑर्डरीची सोय केली, तेव्हां सहा महिन्यांच्या आंत ७१ हजार पौंड आयाबायांस गेले! बाईंनीं वाचनालयें उघडलीं, रात्रीच्या शाळेस मास्तर आणविले, मैदानांत खेळण्यास फुटबॉल व आंत बसून खेळण्यास बुद्धिबळें दिलीं. दारूच्या गुत्त्यास निंदा पुरत नाहीं, दुसरी बसावयाची जागा द्यावी लागते, हें त्यांनीं ओळखिलें होतें.

१८५६ सालीं बाई गाजावाजा न करितां घरीं आल्या. डॉक्टर फार नांवाच्या आंकडेशास्त्रज्ञांबरोबर त्या मृत्यूंचे हिशेब मांडूं लागल्या. त्या लढाईंत इंग्रजांचे सुमारें १६ हजार शिपाई रोगानें मेले. गोळीनें व जखमांनीं मेलेले पांच हजारांहूनहि कमी. आणखी एक गोष्ट निघाली, ती बाईंस फार झोंबली. अन्नवस्त्राचा तुटवडा व रोगी उशिरां येणें यांमुळें माणसें मेलीं, असें त्या स्कुटारीस असतांना मानीत होत्या. आतां दिसलें कीं त्यांचें स्वतःचें इस्पितळ रणभूमीजवळच्या लहान इस्पितळांहून अधिक प्राणघातक होतें; तेथली हवा व पाणीच मारीत होतें. सर्व जग स्तुति करीत असतांना त्यांनीं हें झांकलें नाहीं. रंगीत आकृत्या काढून तें मंत्र्यांपुढें ठेविलें.

त्यांच्या आग्रहावरून १८५७ सालीं राजाज्ञेनें चौकशीमंडळ नेमलें गेलें. शांततेच्या काळींसुद्धां बराकींतील शिपाई बाहेरच्या समवयस्कांच्या जवळजवळ दुप्पट मरतात असें ठरलें. मग बराकींस खिडक्या, स्वयंपाकघरें व चांगलें पाणी मिळालें, व लष्करी डॉक्टरांची शाळा १८६० सालीं निघाली. त्याच सालीं बारा सार्जंट वगैरे ऑक्सफर्डच्या मॅकलॅरन यांच्या तालमींत कसरत शिकण्यास गेले, आणि सैन्यांत व्यायामशिक्षण रूढ झालें. त्या बाराजणांस लोक थट्टेनें बारा प्रेषित म्हणत. तें काम बाईंचें नव्हे, पण वारा त्याच दिशेचा होता.

हिंदुस्थानांत बाई कधींच आल्या नाहींत. तरी येथील छावण्यांविषयींचे प्रश्न त्यांनीं लिहून पाठविले, आणि गाडीभर उत्तरें आलीं. १८६३ सालीं अहवाल निघाला, तो दोन हजारांवर पृष्ठांचा. गोरे शिपाई येथें दर हजारीं ६९ मरत. सकाळीं कवाईत, मग भरपूर मांस, दिवसभर खाटेवर लोळणें, आणि सरकारच विकतें ती दारू! बाईंनीं कारखाने, बागा, तालमी, खेळ व शुद्ध पाणी मागितलें. देशी पलटणींच्या इस्पितळांत रोग्यास आपलें जेवण आपणच पाहावें लागे, तेंहि त्यांनीं उघड केलें. १८७३ पर्यंत तें प्रमाण दर हजारीं १८ वर आलें.

छावणीशेजारचें गांव घाणेरडें असेल तर छावणी निरोगी राहत नाहीं, हें पाहून त्यांचें लक्ष पुढें खेड्यांकडे वळलें. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीं त्यांचा पत्रव्यवहार होता, व १८८९ सालच्या मुंबई इलाख्याच्या ग्रामस्वच्छतेच्या कायद्यांत त्यांनीं मन घातलें.

म्हातारपणीं दृष्टि गेली. ता. १३ ऑगस्ट १९१० रोजीं, नव्वदाव्या वर्षानंतर, त्या प्रभूकडे गेल्या. वेस्टमिन्स्टरच्या मोठ्या मंदिरांत पुरण्याची सूचना नातलगांनीं, त्यांच्याच इच्छेप्रमाणें, नाकारली. ईस्ट वेलो गांवच्या लहान मंदिराच्या आवारांत सहा सार्जंटांनीं खांद्यावरून पेटी नेली. दगडावर त्यांच्याविषयीं नांवाचीं दोन आद्याक्षरें व जन्ममृत्यूच्या तारखा एवढेंच आहे.