योहान्नेस केप्लर : एका चौकटीचे चरित्र

या घटकाकडे वळण्यापूर्वी आपल्या घरातील एखादी जन्मपत्रिका समोर ठेवा. एक चौरस, त्याचे दोन कर्ण आणि बाजूंचे मध्य जोडणाऱ्या चार रेषा. वरच्या मधल्या घरात लग्न, आणि घराघरांत राशींचे आकडे. तमिळनाडूतील पत्रिकेत मात्र हे कर्ण नसतात. तेथे कडेने बारा चौकोन असतात. वरच्या डाव्या कोपऱ्यात नेहमी मीन, तिच्या उजवीकडे मेष, आणि लग्नराशीच्या चौकोनात केवळ एक खूण. म्हणजे आपल्याकडे स्थाने स्थिर व राशी फिरत्या, तर तिकडे राशी स्थिर व स्थाने फिरती. आकाश एकच.

ग्रहांच्या कक्षा लंबवर्तुळाकार असल्याचे १६०९ मध्ये जगापुढे मांडणारे योहान्नेस केप्लर हेही अशी चौकट आयुष्यभर आखीत राहिले. त्यांचा जन्म २७ डिसेंबर १५७१ रोजी जर्मनीतील वाइल देर श्टाट येथे झाला. स्वतःचा गर्भवासाचा काळही त्यांनी २२४ दिवस, ९ तास, ५३ मिनिटे असा गणिताने काढला होता! १५९४ मध्ये ते ग्राझ येथे गणिताचे शिक्षक झाले. भविष्यासह वार्षिक पंचांग करणे हाही त्या नोकरीचाच भाग होता. १५९५ च्या पंचांगातील कडाक्याची थंडी आणि तुर्कांचे आक्रमण ही भाकिते खरी ठरली व त्यांचे नाव झाले. १६०० मध्ये ते प्रागला टायको ब्राहे यांच्याकडे गेले, आणि पुढच्याच वर्षी टायकोंच्या निधनानंतर सम्राट रुडॉल्फ दुसरा यांचे राजगणिती झाले. पद थोर होते. वेतन कायम थकलेले.

१६०८ मध्ये एका मध्यस्थाने, जातकाचे नाव न सांगता, एक पत्रिका मागितली. जातक होते पुढे सेनापती म्हणून गाजलेले वालेनश्टाइन. केप्लर यांनी ते ओळखले होते. त्या काळच्या युरोपीय पत्रिकेचा आराखडा आपल्याला परका वाटणार नाही. मोठा चौरस, मध्ये जन्मवेळ लिहिण्यासाठी लहान चौरस, आणि दोहोंच्या दरम्यान बारा त्रिकोणी घरे. लग्न मात्र वर नसून डावीकडे, आणि प्रत्येक घराच्या आरंभी राशीचे अंश लिहिलेले, कारण तेथे घर म्हणजे राशी नव्हे. (होरा, केंद्र आणि द्रेष्काण हे आपले शब्द मूळ ग्रीक आहेत, हे भाषेच्या विद्यार्थ्याने येथे आठवावे.)

गंमत अशी की, ही बारा घरे केप्लर यांना मान्यच नव्हती. घरे काय, राशी काय, दोन्ही विभागण्या माणसाने सोयीसाठी केलेल्या आहेत, असे त्यांचे मत होते. ते मानीत फक्त ग्रहांमधील कोन : युती, केंद्रयोग, नवपंचम. सुरांच्या मेळाप्रमाणे या कोनांचा परिणाम मनावर होतो, अशी त्यांची धारणा होती. ७२ अंशांसारखे नवे योगही त्यांनी त्यांत घातले. १६१० च्या एका ग्रंथात त्यांनी अंधश्रद्ध ज्योतिष्यांना फटकारले आणि सारे ज्योतिष टाकून देऊ पाहणाऱ्या विद्वानांनाही. तरीही गिऱ्हाइकासाठी ते तीच बारा घरे आखीत. याला ढोंग म्हणण्याची घाई करू नये. चौकट कृत्रिम असल्याचे ते लपवीत नव्हते, आणि तिच्यावाचून चूल पेटत नव्हती.

१६२४ मध्ये वालेनश्टाइन यांनी तीच पत्रिका परत पाठविली. कोणती घटना आधी घडली, कोणती उशिरा, हे समासात टिपून त्यांनी अधिक तपशील मागितला. ग्रहांवर इतके विसंबू नये, अशी समज देत केप्लर यांनी नवे भविष्य लिहिले, ते मार्च १६३४ पर्यंतचे. पुढे सम्राटाकडील सुमारे १२,००० गुल्डेनची थकबाकी वालेनश्टाइन यांच्याच माथी मारली गेली आणि १६२८ मध्ये केप्लर त्यांच्या आश्रयाला सागान येथे गेले. पैसे हाती आलेच नाहीत. येणे असलेल्या रकमेच्या पाठपुराव्यासाठी रेगेन्सबुर्गला गेले असता १५ नोव्हेंबर १६३० रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांची कबर पुढे युद्धात नष्ट झाली. वालेनश्टाइन यांची हत्या फेब्रुवारी १६३४ मध्ये झाली. ज्योतिषप्रेमी हा मेळ आजही चवीने सांगतात.