आपोआप उघडणारे दरवाजे आणि विश्वेश्वरय्या

जरीपटका (नागपूर) : नहराच्या शेवटच्या टोकाला शेत असलं की काय भोगावं लागतं, हे आपल्या भागात कोणाला सांगायला नको. वरचे आधी भिजवतात, खालचा पाटकऱ्याची वाट पाहत बसतो. शंभरावर वर्षांपूर्वी पुण्याकडे नीरा कालव्यावर हेच दुखणं होतं. त्यावर इलाज काढला मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी.

जन्म १८६१ चा, कर्नाटकातल्या मुद्देनहळ्ळीचा. पुण्याच्या सायन्स कॉलेजातून १८८३ साली ते इंजिनिअर झाले आणि मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले.

नीरेवर वरची गावं उसाला बेसुमार पाणी देत. जमिनी पाणथळ झाल्या, खाली मात्र कोरडं. १८९९ साली, ऐन दुष्काळाच्या दिवसांत, त्यांनी ब्लॉक पद्धत मांडली. पाणी अनेक गावांच्या ठरावीक चकांत वाटायचं, चकाच्या साधारण तिसऱ्या हिश्शावरच ऊस, बाकी हंगामी पिकं, आणि जागा फेरपालटानं बदलायची. पाऊस दगा देवो, सगळ्यांचं सगळं एकदम बुडत नाही. वरच्या बागायतदारांनी ओरड केली. साहेबांनी बैठका घेऊन समजावलं.

खडकवासल्याची गोष्ट जास्त गाजली. धरणाची भिंत न वाढवता साठा वाढवायचा होता. १९०३ साली त्यांनी सांडव्यावर स्वतः आखलेले दरवाजे बसवले. पाणी ठरल्या पातळीवर चढलं की वजनाच्या तोलानं ते आपोआप उघडत, पूर ओसरला की मिटत. रात्री-बेरात्री चावी फिरवायला माणूस नको. तरी माझ्या मते ब्लॉक पद्धतच मोठी. लोखंडाची समजूत काढावी लागत नाही.

१९०८ साली मुसी नदीनं हैदराबाद बुडवलं. तिथं त्यांनी शहराभोवती नुसत्या भिंती घाला असं सांगितलं नाही. पूर वरच्या वरच अडवा म्हणाले. त्यातून उस्मानसागर आणि हिमायतसागर उभे राहिले, पिण्याचं पाणीही झालं. पुढे ते म्हैसूरचे दिवाण झाले. १९५५ साली भारतरत्न मिळालं.

१२ जुलै १९६१ ला अर्धवट बांधलेलं पानशेत फुटलं आणि त्याच्या लोंढ्यानं खालचं खडकवासलाही फोडलं. नदीचा पूर पेलायचा हिशेब वेगळा, वरचं धरणच अंगावर येणं वेगळं. तिथं कुठलेच दरवाजे पुरले नसते. विश्वेश्वरय्या तेव्हा शंभरीत होते. १४ एप्रिल १९६२ ला बंगळूरला ते वारले.