स्टीफन्स, इश्तेव्हांव, बुस्टन

माझं नाव ज्ञानदा. घरी 'द्न्यानदा', बेळगावातल्या कानडी बोलणाऱ्या मैत्रिणींसाठी 'ग्नानदा', हिंदीच्या तासाला 'ग्यानदा'. त्याचं काही वाटत नाही. पण दहावीच्या गुणपत्रिकेवर जी-एन आणि आधारवर डी-एन-वाय, म्हणून गेल्या वर्षी शिष्यवृत्तीचा अर्ज परत आला. कारकुनाच्या लेखी त्या दोन वेगळ्या मुली होत्या! कुठलं स्पेलिंग ठेवायचं यावर घरात वाद चालू होता, आणि मी मंडळासाठी फादर स्टीफन्सवर टिपणं काढत होते.

इंग्लंडमधल्या विल्टशायरमध्ये 1549 च्या सुमारास जन्मलेला हा टॉमस. त्या काळी तिथे कॅथलिक असणं धोक्याचं, म्हणून तो रोमला गेला, 1575 मध्ये येशूसंघात शिरला आणि ऑक्टोबर 1579 मध्ये गोव्याला उतरला. पुढची चाळीस वर्षं बहुतेक साष्टीतच गेली. 1619 मध्ये गोव्यातच वारला.

पोर्तुगीजांनी त्याचं 'इश्तेव्हांव' केलं. जन्मगाव बुश्टन असावं असं मानतात. त्या गावाचंच आडनाव होऊन जुन्या ग्रंथसूच्यांत तो 'बुस्टन', 'बुबस्टन' असाही सापडतो. म्हणजे त्याचीही माझ्यासारखीच गत, फक्त त्याला शिष्यवृत्ती नको होती. एकदा मात्र मूळ नावगाव कामी आलं. 1583 मध्ये राल्फ फिच आणि त्याचे सोबती इंग्रज व्यापारी गोव्यात कैदेत पडले, तेव्हा जामिनासाठी खटपट करणाऱ्यांत हा देशबांधव पाद्री होता.

आता खरी गंमत. ज्याचं नाव कुणाला धड म्हणता येईना, तो दुसऱ्यांचे उच्चार जपायला बसला. 'ख्रिस्तपुराण' 1616 मध्ये राचोलला छापलं, जवळजवळ अकरा हजार ओव्या, सगळ्या मराठी, पण लिपी रोमन! देशी लिपीत छापायची त्याची इच्छा होती, पण जोडाक्षरांसकट शेकड्यांनी साचे पाडावे लागले असते. मग रोमन अक्षरांतच त्याने वाट काढली. 'ळ' साठी दोन 'एल', 'श' साठी पोर्तुगीज 'एक्स'. 'ळ' वाचला, आणि 'चोखळा' मधला 'ख' 'क्यू-एच' होऊन राहिला. गोव्यात आजही कामतांचं 'कामोतिम', प्रभूंचं 'पोरोब' झालेलं दिसतं, ते याच पोर्तुगीज लेखणीमुळे. आणि बाप्तिस्मा घेणाऱ्यांची तर आख्खी नावंच बदलली. त्या व्यवस्थेत आपला पाद्रीही होताच, हे मला विसरता येत नाही.

त्याचं कोंकणी व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर, 1640 मध्ये छापलं गेलं. पुराणाच्या 1649 आणि 1654 मध्येही आवृत्त्या निघाल्या, पण तिन्हींतली एकही छापील प्रत आज उरलेली नाही. हस्तलिखितांवरून 1907 मध्ये मंगळूरला रोमन आवृत्ती निघाली, आणि 1956 मध्ये पुण्यात शांताराम बंडेलूंनी देवनागरी काढली. तिथे 'ख' ला 'ख' मिळाला.

परवा मी प्रतिज्ञापत्रावर डी-एन-वाय लिहून सही केली. आईला जी-एन हवं होतं. तिला अजून सांगितलेलं नाही.