दाजीसाहेब पटवर्धन

बेलापुरास प्रवरेकाठी पायात काटा रुतला की मूल चटकन पाय उचलते. त्वचेतील ज्ञानतंतूंची टोके टोचणे, भाजणे मेंदूला तत्काळ कळवितात. कुष्ठरोगाचे जंतू हेच ज्ञानतंतू निकामी करतात. मग निखाऱ्याचा चटकाही कळत नाही. न कळलेल्या जखमा चिघळून हातपाय विद्रूप होतात. लोक मात्र यास पापाचे फळ मानून रोग्यांना गावाबाहेर घालवीत.

अमरावतीचे डॉक्टर शिवाजीराव ऊर्फ दाजीसाहेब पटवर्धन यांना हा अन्याय साहवेना. १९४६ साली त्यांनी तेथे तपोवन वसविले. रोग्यांची शुश्रूषा केली. भिक्षापात्राऐवजी त्यांच्या हाती काम दिले. १९५९ साली दाजीसाहेबांना पद्मश्री मिळाली. १९८६ साली ते निवर्तले. आज हा रोग औषधाने पूर्ण बरा होतो.

मुलांनो, रोग्यांच्या बधिर हातांना जी वेदना कळत नव्हती, ती दाजीसाहेबांच्या अंतःकरणाला कळली.